अमेरिकेतले नाणी जमवणारे आणि त्यांचे राष्ट्राध्यक्ष: पक्षाआधी धातूचा हिशोब

अमेरिकेतल्या नाणी जमवणाऱ्या लोकांच्या गप्पा थोडा वेळ जरी ऐकल्या तरी एक गोष्ट लगेच लक्षात येते, ती म्हणजे राष्ट्राध्यक्षांबद्दलची त्यांची मतं बाकीच्या अमेरिकेपेक्षा वेगळ्याच कारणांवर उभी आहेत. बाकी लोकांना फ्रँकलिन रुझवेल्ट म्हटलं की महामंदी आणि दुसरं महायुद्ध आठवतं, इथे पहिलं वाक्य येतं "त्याने सोनं काढून घेतलं". जॉन्सन म्हटलं की व्हिएतनामच्या आधी "नाण्यातली चांदी काढली". निक्सन म्हटलं की वॉटरगेट नंतर, आधी १५ ऑगस्ट १९७१, म्हणजे त्याने डॉलरचा सोन्याशी धागा तोडला तो दिवस. आणि थिओडोर रुझवेल्ट, म्हणजे फ्रँकलिनचाच लांबचा चुलतभाऊ, त्याच्याबद्दल मात्र कट्टर डेमोक्रॅटसुद्धा भरभरून बोलतो, कारण अमेरिकेची सगळ्यात देखणी नाणी त्याच्या हट्टामुळे आली.

आपल्याकडे नाणी जमवणारे बरेच आहेत, त्यातले कितीतरी अमेरिकन डॉलरही जमवतात, आणि तिकडच्या लोकांची ही चर्चा कानावर आली की आपण सरळ निष्कर्ष काढतो की हे सगळे रिपब्लिकन असणार. तसं सरसकट नाहीये. हा छंद करणाऱ्यांत सोन्या-चांदीच्या "खऱ्या पैशावर" विश्वास ठेवणारा, सरकारी नोटांवर फारसा भरवसा नसणारा एक मोठा गट आहे हे खरं, पण त्या गटाचा राग दोन्ही पक्षांवर आहे आणि त्याची मुळं आजच्या पक्षांपेक्षा खूप खोल आहेत. ती कुठून आली ते बघायचं तर अगदी सुरुवातीपासून बघावं लागतं.

१७९२ मध्ये अमेरिकेची टांकसाळ सुरू करायचा कायदा झाला तेव्हा सिनेटच्या मसुद्यात नाण्यावर राष्ट्राध्यक्षाचं डोकं असावं असं होतं. लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने ते काढून टाकलं, राजेरजवाडे स्वतःचं तोंड नाण्यावर छापतात, आपण राजाला हाकलून आलोय, आपल्या नाण्यावर स्वातंत्र्यदेवता असेल, असा तो विचार. आणि हा नियम लोकांनी शंभर वर्षांहून जास्त पाळला, रोजच्या वापरातल्या नाण्यावर पहिला राष्ट्राध्यक्ष आला तो थेट १९०९ मध्ये. पण म्हणजे त्याआधी नाण्यांत राजकारण नव्हतं असं अजिबात नाही, ते सरकारी नाण्याऐवजी खाजगी टोकनवर होतं.

अँड्र्यू जॅक्सन. याने १८३२ मध्ये राष्ट्रीय बँकेच्या सनदेचं नूतनीकरण व्हेटो केलं, सरकारी ठेवी तिथून हलवल्या, आणि १८३६ मध्ये हुकूम काढला की सरकारी जमीन घ्यायची तर सोनं-चांदी मोजा. १८३७ मध्ये बाजार कोसळला तेव्हा जॅक्सन घरी गेला होता आणि त्याने पुढे केलेला व्हॅन ब्युरेन खुर्चीत होता. लोकांनी धातूची नाणी दाबून ठेवली, सुट्ट्यांची टंचाई झाली, आणि तांब्याची खाजगी टोकनं धडाधड बाजारात आली, ज्यांना संग्राहक आज हार्ड टाइम्स टोकन म्हणतात. यातलं एक हातात धरून बघण्यासारखं आहे. आकार साधारण तेव्हाच्या मोठ्या सेंटएवढा, एका बाजूला पळणारं गाढव, अंगावर एलएल.डी. अशी अक्षरं, कारण जॅक्सनला हार्वर्डने मानद पदवी दिली होती आणि विरोधकांना ते सहन झालं नव्हतं. कडेने व्हॅन ब्युरेनचंच वाक्य, की मी माझ्या थोर पूर्वसुरींच्या पावलांवर चालतोय. उलट बाजूला कासव, त्याच्या पाठीवर तिजोरी, म्हणजे सरकारचा पैसा आता असा चाललाय. दुसऱ्या काही टोकनांवर "एकही सेंट नाही" अशा अर्थाचा मजकूर मोठ्या अक्षरात असायचा, घोषणा म्हणूनही चालायचा आणि आम्ही सरकारी सेंटची नक्कल केली नाही असं म्हणायलाही सोय. जॅक्सनच्या बाजूची टोकनंही निघाली. म्हणजे एका छोट्या तांब्याच्या तुकड्यावर तेव्हाचा सगळा पक्षीय वाद उतरलाय, आणि गंमत म्हणून नाही तर रोज हातोहात फिरणारा पैसा म्हणून. मला वाटतं अमेरिकेचं राजकारण शिकायचं तर हे टोकन एखाद्या जाड पुस्तकाइतकं शिकवतं.

यानंतरचा मोठा भाग म्हणजे चांदी विरुद्ध सोनं, आणि इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो म्हणून जरा सावकाश सांगतो. १८७३ मध्ये रिपब्लिकन ग्रँटच्या काळात एक कायदा झाला ज्यात चांदीच्या जुन्या डॉलरला जागाच ठेवली नाही. चांदीच्या खाणीवाल्यांनी आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी त्याला पुढे "१८७३ चा गुन्हा" असं नावच देऊन टाकलं. १८७८ मध्ये काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष हेजचा व्हेटो मोडून सरकारला दर महिन्याला चांदी विकत घेऊन डॉलर पाडायला लावलं, त्यातून मॉर्गन डॉलर जन्माला आला, जो आज जगात सगळ्यात जास्त जमवल्या जाणाऱ्या नाण्यांपैकी एक आहे. म्हणजे आज ज्या नाण्याचं संग्राहकाला एवढं प्रेम, ते मुळात खाणीवाल्या राज्यांच्या राजकीय दबावातून आलेलं आहे. गरजेपेक्षा किती तरी जास्त डॉलर पाडले गेले आणि पोत्यात भरून तिजोरीत पडून राहिले.

मग २६ जून १८९३ ला ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या टांकसाळी, म्हणजे मुंबई आणि कलकत्ता, लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देण्यासाठी बंद केल्या. चांदीचा एवढा मोठा गिऱ्हाईक एका दिवसात बाजारातून गेला, चांदीचा भाव कोसळला, आणि चारच दिवसांत, ३० जूनला, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडने चांदी खरेदीचा कायदा रद्द करायला काँग्रेसचं खास अधिवेशन बोलावलं. तिकडे आधीच आर्थिक घबराट चालू होती, मुंबईच्या बातमीने त्यात भर पडली. १ नोव्हेंबरला कायदा रद्द झाला. क्लीव्हलँड डेमोक्रॅट, आणि त्याने स्वतःच्याच पक्षाचे दोन तुकडे केले, सोनंवाले एकीकडे आणि चांदीवाले एकीकडे. संग्राहकाला हे सगळं एका तारखेत दिसतं: सॅन फ्रान्सिस्कोचा १८९३ चा मॉर्गन डॉलर फक्त १ लाख पाडला गेला, सगळ्या मालिकेत सगळ्यात अवघड, आणि आज खिशाला न परवडणारा. मुंबईची टांकसाळ बंद होणं आणि हा डॉलर दुर्मिळ होणं यात फार तर एक-दोन पायऱ्यांचं अंतर आहे.

१८९६ ची निवडणूक तर पूर्णपणे धातूवर लढली गेली. डेमोक्रॅट ब्रायनने शिकागोत, माणसाला सोन्याच्या क्रुसावर खिळू नका, असं ते गाजलेलं भाषण केलं, रिपब्लिकन मॅकिन्लीवाल्यांनी कोटाला सोनेरी भुंग्याच्या पिना लावल्या, आणि चांदीची खिल्ली उडवायला मोठ्या मोठ्या चकत्या पाडल्या, की बघा, बाजारभावाने एका डॉलरची चांदी घ्यायची तर नाणं एवढं मोठं लागेल. यातल्या काही टिफनी, गोरहॅम अशा नामांकित पेढ्यांनी केल्या. आज त्यांना ब्रायन मनी म्हणतात आणि त्या जमवणारे वेगळेच लोक आहेत. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते, तेव्हा "सोनं म्हणजेच पैसा" म्हणणारा पक्ष रिपब्लिकन होता, पण चांदीवाले डेमोक्रॅटही धातूचीच बाजू घेत होते. कागदी पैशाच्या बाजूने दोघांपैकी कोणीच उघड नव्हतं. आजच्या धातूप्रेमी संग्राहकाला १८९६ मध्ये नेऊन सोडलं तर तो कुठल्या पक्षात जाईल हे सांगणं सोपं नाही.

आता थिओडोर रुझवेल्ट. २७ डिसेंबर १९०४ ला त्याने अर्थमंत्री शॉला पत्र लिहिलं, की आपली नाणी कलेच्या दृष्टीने भयानक कुरूप आहेत, सेंट-गॉडन्ससारख्या माणसाला कामाला लावता येईल का. ग्रीक नाणी त्याने पाहिली होती, चित्राला तसा उठाव त्याला हवा होता. टांकसाळीचा मुख्य कोरीवकार चार्ल्स बार्बर म्हणत राहिला की एवढ्या उठावाचं नाणं रोजच्या उत्पादनात बसणार नाही, आणि तांत्रिकदृष्ट्या तो चूक नव्हता, कारण पहिल्या नमुन्यांना एकावर एक बरेच ठोके द्यावे लागले. सेंट-गॉडन्स कॅन्सरने ऑगस्ट १९०७ मध्ये गेला, त्याचं वीस डॉलरचं नाणं चलनात येण्याआधी. पण नाणं आलं, उठाव कमी करून का होईना. मशाल घेऊन थेट आपल्याकडे चालत येणारी ती स्वातंत्र्यदेवता, मागे उगवतीचे किरण. माझं स्वतःचं मत असं आहे की एका राज्यकर्त्याने नाण्यासाठी इतकी मेहनत घेतल्याची उदाहरणं सगळ्या जगात फार थोडी आहेत.

आणि त्यावरूनही वाद झालाच. रुझवेल्टने नाण्यावर "देवावर आमचा विश्वास आहे" हे ब्रीद घातलं नाही, पैशावर देवाचं नाव म्हणजे देवाचाच अपमान असं तो मानायचा. लोक खवळले, त्याच्याच पक्षाची काँग्रेस होती तरी तिने मे १९०८ मध्ये कायदा करून ब्रीद परत घालायला लावलं. हे लक्षात ठेवा, बरोब्बर शंभर वर्षांनी हाच वाद पुन्हा झाला, त्याच्याकडे येतो.

१९०९ मध्ये लिंकनच्या जन्मशताब्दीला सेंटवर लिंकन आला आणि १७९२ पासूनचा पायंडा मोडला. तेव्हा टाफ्ट सत्तेवर होता पण ठरवलं होतं रुझवेल्टनेच. पहिला राष्ट्राध्यक्ष रोजच्या नाण्यावर आला तो रिपब्लिकनांचा सगळ्यात मोठा माणूस, मग १९३२ मध्ये क्वार्टरवर (२५ सेंट) वॉशिंग्टन, १९३८ मध्ये निकेलवर (५ सेंट) जेफर्सन, जो डेमोक्रॅटांचा मूळपुरुष. एकदा चेहरे सुरू झाले की कोणाचा चेहरा हा प्रश्न पक्षाचा होणारच होता.

मधे १९१८ येतं आणि परत हिंदुस्थान. पहिल्या महायुद्धात इथल्या लोकांनी सरकारी नोटा नेऊन चांदीचे रुपये मागायला सुरुवात केली आणि सरकारकडची चांदी संपत आली. नोटेवर लिहिलेलं वचन मोडलं तर इंग्रजांची इथली पत गेली असती. डेमोक्रॅट विल्सनने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायद्यावर सही केली, २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले गेले, त्यातल्या साधारण २६ कोटी डॉलरांची चांदी ब्रिटिशांना विकली गेली ती हिंदुस्थानासाठी. एका मॉर्गन डॉलरमध्ये जवळपास २४ ग्रॅम शुद्ध चांदी, आपल्या रुपयात १०.७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका डॉलरचे साधारण सव्वादोन रुपये. तुमच्याकडे घरात आजीच्या डब्यातला पंचम जॉर्जचा १९१८ किंवा १९१९ चा रुपया असेल तर तो काढून मागची बाजू बघा, वेलबुट्टीत खालच्या कमळाच्या खाली बारीक ठिपका असेल तर तो मुंबईचा. त्यात नेव्हाडाच्या खाणीतली, एकदा डॉलर होऊन वितळलेली चांदी असण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे. कुठल्या वर्षाचे, कुठल्या टांकसाळीचे किती डॉलर वितळले याची नोंदच ठेवली गेली नाही, त्यामुळे अमेरिकन संग्राहक आजही छापील मिंटेजच्या, म्हणजे किती नाणी पाडली त्याच्या, आकड्यावर भरवसा ठेवत नाही. नेव्हाडाचा सिनेटर पिटमन डेमोक्रॅट होता आणि त्याने कायद्यात घालून ठेवलं होतं की वितळवलेल्या डॉलरांच्या बदल्यात अमेरिकन खाणींचीच चांदी औंसाला एक डॉलरने घ्यायची, म्हणून १९२१ मध्ये परत डॉलर पाडावे लागले. विल्सनवर संग्राहक फारसा चिडत नाही, मला वाटतं कारण एवढंच की जे वितळलं ते त्या वेळी कोणालाच नको होतं.

फ्रँकलिन रुझवेल्टवर मात्र चिडतो. ५ एप्रिल १९३३, कार्यकारी आदेश ६१०२. लोकांनी सोन्याची नाणी, लगडी आणि सोन्याच्या पावत्या १ मे च्या आत बँकेत जमा करायच्या, औंसाला २०.६७ डॉलर मिळतील, नाही केलं तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. आणि पुढच्या जानेवारीत सोन्याचा भाव ३५ डॉलर केला. म्हणजे ज्याने इमानदारीत सोनं दिलं त्याला जुना भाव मिळाला आणि वाढलेल्या भावाचा फायदा सरकारचा झाला. राग यायला हे पुरेसं आहे आणि तो राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही.

पण संग्राहक म्हणून जो राग सांगितला जातो त्यात बरीच भर पडलेली आहे. त्या आदेशातच लिहिलं होतं की दुर्मिळ आणि वेगळ्या नाण्यांच्या संग्राहकांसाठी ज्यांना मान्य असं खास मूल्य आहे ती नाणी वगळली आहेत, शिवाय माणशी शंभर डॉलरपर्यंतचं सोनंही ठेवता येत होतं. घराघरात झडत्या घेऊन सोनं उचललं असं झालं नाही, बँकेतले लॉकर सरकारने सरसकट फोडले ही तर निव्वळ दंतकथा. आणि ही सवलत आली कुठून हे बघायला गेलं की अर्थमंत्री विल्यम वुडिनचं नाव समोर येतं. हा माणूस रेल्वे डबे बनवणाऱ्या कंपनीचा प्रमुख, आयुष्यभराचा रिपब्लिकन, रुझवेल्टचा दोस्त म्हणून डेमोक्रॅट सरकारात आलेला, आणि पट्टीचा नाणेसंग्राहक. १९०९ मध्ये त्याने १८७७ ची पन्नास डॉलरची दोन सोन्याची नमुना नाणी (चलनाआधी चाचणीसाठी पाडलेली) प्रत्येकी दहा हजार डॉलरला घेतली होती, आणि नमुना नाण्यांवरच्या एका जुन्या संदर्भग्रंथाचा तो सहलेखक होता. आज ज्या लोकांच्या ट्रेमध्ये जुनी अमेरिकन सोन्याची नाणी आहेत त्यांनी रुझवेल्टला शिव्या देताना वुडिनचे आभार मानायला हवेत असं मला मनापासून वाटतं, कारण ती सवलत नसती तर यातलं बरंचसं आज लगडीच्या रूपात पडलेलं असतं.

राग टिकून राहायला आणखी एक नाणं कारणीभूत आहे. १९३३ चे वीस डॉलर, ४,४५,५०० पाडले आणि लोकांना देण्याआधीच वितळवले, दोन स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयाला गेले. पण काही टांकसाळीतून बाहेर गेली. त्यातलं एक १९४४ मध्ये इजिप्तच्या राजा फारुकसाठी अर्थखात्यानेच निर्यात परवाना देऊन पाठवलं आणि मग डोक्यावर हात मारून घेतला. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेलात एका ब्रिटिश डीलरला सीक्रेट सर्व्हिसने पकडलं, तडजोड झाली, २००२ मध्ये ते ७५ लाख डॉलरच्या वर विकलं गेलं आणि २०२१ मध्ये १ कोटी ८९ लाखांना. विकताना वर वीस डॉलर वेगळे भरावे लागले, कारण ते नाणं अधिकृतपणे कधी चलनात आलंच नव्हतं. फिलाडेल्फियाच्या एका कुटुंबाने अशी आणखी दहा नाणी सरकारला तपासायला दिली ती परत मिळालीच नाहीत, वर्षानुवर्षं कोर्टात भांडून शेवटी सरकार जिंकलं. १९३३ चा निर्णय एकविसाव्या शतकात कोर्टात लढवला जात होता म्हटल्यावर लोक विसरणार कसे.

१९४५ मध्ये रुझवेल्ट गेला आणि काही महिन्यांत डाइमवर, म्हणजे दहा सेंटच्या नाण्यावर, त्याचा चेहरा ठरला. पोलिओच्या निधीसाठी लोकांनी डाइम पाठवायच्या ही मोहीम त्याच्याच नावावर होती, त्यामुळे नाणं निवडायला अवघड गेलं नाही, आणि ते त्याच्या जन्मदिवशी, ३० जानेवारी १९४६ ला आलं. कोरीवकार जॉन सिनॉक, त्याने गळ्याच्या कडेला स्वतःची जे आणि एस ही आद्याक्षरं घातली, आणि अफवा उठली की हे जोसेफ स्टालिन, सरकारात घुसलेल्या कम्युनिस्टांनी घातलंय. टांकसाळीला खुलासे करावे लागले. १९६४ मध्ये केनेडी हाफ डॉलरवर गिलरॉय रॉबर्ट्सच्या जी-आर च्या जोडाक्षरात लोकांना हातोडा-विळा दिसला. दोन्ही वेळा राष्ट्राध्यक्ष डेमोक्रॅट. तुम्ही भिंगाखाली ते जोडाक्षर नीट बघितलंत तर जी आणि आर स्पष्ट आहेत, पण ज्याला आधीच संशय आहे त्याला काय दिसेल हे त्या काळच्या वातावरणावर होतं.

केनेडीचं नाणं लोकांनी वापरलंच नाही, ठेवून दिलं. जॅकलिन केनेडीने क्वार्टरऐवजी हाफ डॉलर निवडला कारण वॉशिंग्टनला हटवायचं नव्हतं. मार्च १९६४ मध्ये आलं, बँकांसमोर रांगा, आणि नाणं चलनातून जवळपास गायब, जगभर लोकांनी आठवण म्हणून जपलं. इथे पक्ष नव्हता, दुःख होतं. मात्र याच केनेडीने १९६२ मध्ये परदेशातून सोन्याची नाणी आणण्यावर बंधनं घातली होती, आणि त्याच्या आधी रिपब्लिकन आयसेनहॉवरने जानेवारी १९६१ मध्ये, खुर्ची सोडायच्या थोडे दिवस आधी, अमेरिकनांना परदेशातसुद्धा सोनं ठेवायला बंदी केली होती. सोन्याच्या बाबतीत फक्त रुझवेल्टचं नाव घेणाऱ्यांना हे दोन आदेश सहसा माहीत नसतात.

जॉन्सनचं प्रकरण मला जास्त गंभीर वाटतं, कारण तिथे सरकारने संग्राहकांनाच आरोपी केलं. चांदी महाग होत होती, सुट्ट्यांची टंचाई होती, व्हेंडिंग मशीन वाढली होती, आणि टांकसाळीच्या संचालक ईव्हा अॅडम्स यांनी दोष टाकला संग्राहकांवर. शिक्षा म्हणून १९६५ ते १९६७ च्या नाण्यांवरची टांकसाळीची खूण काढून टाकली, संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्यांचे प्रूफ सेट बंद केले, १९६५ उजाडलं तरी नाण्यांवर १९६४ च ठेवलं. जुलै १९६५ मध्ये जॉन्सनने कायदा सही केला, डाइम आणि क्वार्टरमधली चांदी पूर्ण गेली, हाफ डॉलरमध्ये ९० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आली. सही करताना त्याने सांगितलं की चांदीची नाणी दाबून ठेवून कोणाला फायदा होणार नाही, सरकारकडे भरपूर चांदी आहे. दोन वर्षांत सरकारला भाव धरून ठेवता आला नाही आणि नाणी वितळवायला बंदी घालावी लागली. ज्यांनी त्याचं ऐकलं नाही त्यांच्याकडे आज त्या नाण्यांचे दर्शनी किमतीच्या कितीतरी पट पैसे होतात. १९६४ आणि त्याआधीच्या डाइम-क्वार्टरचे रोल बाजूला काढायची सवय तिथूनच लागली, घरात बापाने मुलाला, मुलाने नातवाला शिकवलेली. सरकार नाण्याबद्दल बोलतं त्यावर विश्वास ठेवू नये हा धडा बहुतेक अमेरिकन घरांत १९३३ पेक्षा १९६५ ने जास्त शिकवला असं माझं मत आहे, सोनं सगळ्यांकडे नव्हतं, क्वार्टर सगळ्यांच्या खिशात होता.

आयसेनहॉवर डॉलरची गोष्ट उघडउघड पक्षाची आहे. १९६९ मध्ये तो वारला, आणि न्यू जर्सीच्या रिपब्लिकन सदस्य फ्लॉरेन्स ड्वायर यांनी म्हटलं की डेमोक्रॅट केनेडी हाफ डॉलरवर आहे तर बरोबरी म्हणून रिपब्लिकन आयसेनहॉवर डॉलरवर यावा. चांदी घालायची की नाही यावर वर्षभर भांडण चाललं, शेवटी चलनात बिनचांदीचा आणि संग्राहकांसाठी ४० टक्के चांदीचा अशी तडजोड झाली.

मग निक्सन. १५ ऑगस्ट १९७१ ला त्याने परदेशी सरकारांना डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं, म्हणजे सोन्याशी राहिलेला शेवटचा धागाही तोडला, आणि तो रिपब्लिकन. धातूवाल्या लोकांचा पक्षावरचा विश्वास इथे उडाला आणि त्यातले बरेच दोन्ही पक्षांच्या बाहेर, सरकारचा हात कमीत कमी असावा म्हणणाऱ्या लिबर्टेरियन विचाराकडे गेले. जेम्स ब्लँचर्ड नावाच्या तरुणाने सोनं कायदेशीर करा म्हणून समिती काढली, १९७३ मध्ये निक्सनच्या दुसऱ्या शपथविधीच्या वेळी "लीगलाइझ गोल्ड" असा फलक लावलेलं विमान वॉशिंग्टनवरून उडवलं. ते काम पूर्ण केलं फोर्डने, निक्सनच्या राजीनाम्यानंतर पाचच दिवसांनी, १४ ऑगस्ट १९७४ ला सही, आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून अमेरिकन माणसाला परत सोनं बाळगता आलं. फोर्डला इतिहासात फार जागा नाही, पण सोन्याची नाणी जमवणाऱ्यांनी त्याचं नाव जितकं घ्यायला हवं तितकं घेतलं जात नाही.

रेगनबद्दल मात्र प्रेम भरपूर. त्याच्या काळात सोन्यावर आयोग बसला, आयोगाने सोन्याचं मानक परत आणायला नकार दिला पण सरकारने सोन्याची नाणी पाडावीत असं सुचवलं. ऑक्टोबर १९८५ मध्ये रेगनने दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगरँड या सोन्याच्या नाण्याच्या आयातीवर बंदी घातली, डिसेंबरमध्ये बुलियन नाण्याचा, म्हणजे सोन्याच्या भावाने विकायच्या नाण्याचा, कायदा सही केला, आणि १९८६ मध्ये अमेरिकन ईगल आलं. त्यावर चित्र कोणाचं? सेंट-गॉडन्सचीच १९०७ ची स्वातंत्र्यदेवता. थिओडोर रुझवेल्टचा हट्ट ऐंशी वर्षांनी परत कामाला आला. स्मरणार्थ नाणीही याच काळात परत सुरू झाली, १९८२ मध्ये वॉशिंग्टनच्या हाफ डॉलरने. त्याआधी हूवर आणि आयसेनहॉवर दोघांनी अशा नाण्यांची विधेयकं व्हेटो केली होती, आणि त्या दोघांच्या मधे, तीसच्या दशकात, एकेका समितीने वर्षानुवर्षं तीच नाणी काढून संग्राहकांना पिळून काढलं होतं.

२००३ मध्ये इंडियानाचे रिपब्लिकन मार्क साउडर यांनी डाइमवरून रुझवेल्ट काढून रेगन घालायचं विधेयक आणलं. डेमोक्रॅटांनी उलट ठराव आणला. वाद थांबवला तो नॅन्सी रेगनने, तिने सांगितलं की मला हे मान्य नाही आणि माझ्या नवऱ्यालाही मान्य झालं नसतं. तरुणपणी रेगन रुझवेल्टला मत देणारा होता हे लक्षात घेतलं की तिचं म्हणणं जास्तच पटतं.

२००७ पासून सगळ्या मृत राष्ट्राध्यक्षांचे एकेक डॉलर निघाले, वर्षाला चार. कल्पना चांगली होती, यात पक्ष नाही, क्रमाने सगळे येणार. पण ब्रीद नाण्याच्या काठावर घातलं होतं आणि पहिल्याच वॉशिंग्टन डॉलरमध्ये काही नाणी काठावर कोरी राहून बाहेर आली, लगेच "देव काढून टाकलेले डॉलर" म्हणून ओरड, १९०७-०८ चीच पुनरावृत्ती. २००९ मध्ये ब्रीद परत तोंडाच्या बाजूला आणलं. लोकांनी डॉलर वापरलेच नाहीत, २०११ च्या शेवटी फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, तिजोऱ्यांत १४० कोटींच्या आसपास डॉलर नाणी पडून होती आणि ओबामा सरकारने चलनासाठी पाडणं थांबवलं. संग्राहकांसाठी पाडत राहिले.

सध्याचा वाद दोन गोष्टींवर आहे. ट्रम्पने फेब्रुवारी २०२५ मध्ये सेंट बंद करायला सांगितलं, १२ नोव्हेंबरला फिलाडेल्फियात चलनासाठीचा शेवटचा पाडला गेला, एका सेंटला साडेतीन सेंटहून जास्त खर्च येत होता त्यामुळे हिशोबाने निर्णय बरोबर आहे. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाने रिपब्लिकनांच्या सगळ्यात मोठ्या माणसाचं नाणं थांबवलं. दुसरं म्हणजे देशाच्या २५० व्या वर्षानिमित्त ट्रम्पचाच चेहरा असलेल्या डॉलरचा आराखडा. जिवंत माणूस अमेरिकन नाण्यावर आलाच नाही असं नाही, १९२६ मध्ये १५० व्या वर्षाच्या हाफ डॉलरवर कूलिज सत्तेत असताना आला होता, दहा लाखांवर पाडलेल्या त्या नाण्यांतली बहुतेक न विकल्यामुळे परत वितळवावी लागली. मी स्वतः याच्या विरोधात आहे, आणि ट्रम्पच्या जागी डेमोक्रॅट असता तरी असतो, कूलिजचंही नको होतं. १७९२ मध्ये ज्या सभागृहाने राष्ट्राध्यक्षाचं डोकं मसुद्यातून काढलं त्याने तेव्हा वॉशिंग्टनसारख्या माणसालाही अपवाद केला नव्हता.